अपराध पोटात घालायचा कसा?

मराठीत एक वाक्य असं आहे, की ज्याला कर्ता लागत नाही, कर्म लागत नाही, आणि तरी त्याचा अर्थ शेंबड्या पोरापासून थेट पणजोबापर्यंत सगळ्यांना कळतो. ते वाक्य म्हणजे, "झालं का?"

हा प्रश्न दुपारी बाराला विचारला तर तो जेवणाबद्दल असतो. मार्गशीर्षात वधूपित्याला विचारला तर लग्नाबद्दल असतो. पण सकाळी सहा ते आठच्या दरम्यान विचारलेला "झालं का?" म्हणजे तोच. त्यावर "काय झालं का?" असं आजवर एकाही मराठी माणसानं उलट विचारलेलं नाही. उत्तरही तितकंच सुटसुटीत. "झालं" म्हणणाऱ्याच्या तोंडावर नुकतंच कर्ज फिटल्यासारखं समाधान असतं. आणि "नाही" म्हणणाऱ्याच्या आसपास घरातली शहाणी माणसं संध्याकाळपर्यंत फिरकत नाहीत. इंग्रज माणूस सकाळी भेटला की हवेची चौकशी करतो. आपण पोटाची करतो. दोन्हींमध्ये वादळाचा अंदाज घेणं हाच हेतू, पण आपला अंदाज जास्त वेळा खरा ठरतो!

आता तुम्ही म्हणाल, हा काय लेखाचा विषय झाला? चांगलं पाऊसपाण्यावर लिहावं, प्राजक्ताच्या सड्यावर लिहावं. मान्य. पण प्राजक्ताचा सडा पाहून प्रसन्न व्हायलासुद्धा आधी पोट साफ लागतं, त्याचं काय करायचं? आणि माझा प्रश्न नुसता प्रसन्नतेचा नाही, नीतीचा आहे. तो असा: आपण ज्याला माणसाचा चांगुलपणा म्हणतो, त्यातला त्याचा स्वतःचा किती आणि त्याच्या कोठ्याचा किती?

हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तो गिरगावातल्या आमच्या चाळीत. एका मजल्यावर वीस बिऱ्हाडं आणि टोकाला चार संडास. सकाळी तिथं टमरेलं घेऊन जी रांग लागे, तिच्याइतकी नीतिशास्त्राची उत्तम शाळा मी पुढे कुठल्याच कॉलेजात पाहिली नाही. आत जाणारा माणूस आणि बाहेर येणारा माणूस ही दोन वेगळी माणसं असत. आत जाताना ज्यानं पुढच्याच्या दारावर धडाधडा मुठी आपटल्या, तोच बाहेर येताना "या, या, सावकाश होऊ द्या" म्हणून दार धरून उभा राही. आत जाताना घरमालक नालायक, सरकार नालायक आणि मुंबई राहण्यालायक नाही, बाहेर आल्यावर "चालायचंच हो, एवढ्या मोठ्या शहरात!" दहा मिनिटांत एवढं मतपरिवर्तन मी कुठल्याही व्याख्यानमालेत होताना पाहिलेलं नाही.

चाळीतल्या एका आजोबांनी तर या अनुभवाचं सूत्रच करून टाकलं होतं: पोट साफ, तर शत्रू माफ. ते रोज रात्री त्रिफळा चूर्ण घेत आणि सगळ्या चाळीत अजातशत्रू म्हणून प्रसिद्ध होते. त्या प्रसिद्धीतला त्रिफळ्याचा वाटा किती, हे विचारायचं धाडस मात्र कुणी केलं नाही.

हा विचार मला एकट्यालाच सुचला असा माझा गैरसमज फार दिवस टिकला नाही. वॉल्तेअर नावाच्या फ्रेंच गृहस्थानं तो १७७५ सालीच छापून टाकला होता. त्याच्या एका गोष्टीत सिद्राक नावाचा डॉक्टर आहे. त्याचं म्हणणं असं, की ज्यांचा कोठा सुखानं मोकळा होतो ती माणसं गोड, मनमिळाऊ आणि हसतमुख असतात. त्यांच्या तोंडचा नकारसुद्धा कोठा जड असणाऱ्याच्या होकारापेक्षा बरा वाटतो! पुढे जाऊन तो इतिहासालाच जुलाब देतो. १५७२ साली पॅरिसमध्ये प्रॉटेस्टंटांची कत्तल झाली तेव्हा गादीवर असलेला नववा चार्ल्स हा बद्धकोष्ठाचा रोगी. इंग्लंडच्या राजाचं डोकं उडवणारा क्रॉमवेल, त्याचीही तीच कथा. म्हणजे आपण शाळेत ज्या सनावळ्या घोकल्या, त्यांच्या मुळाशी वेळेवर न मिळालेलं एरंडेल होतं तर! वॉल्तेअर अर्थातच थट्टा करत होता. पण थट्टेखाली दबलेली शंका खरी आहे: राजाला कोठा असतो, आणि राजाच्या कोठ्याची किंमत प्रजा मोजते.

राजाचं कशाला, साहेबाचं घ्या. ज्या कचेरीत मी तेहतीस वर्षं काढली, तिथल्या आमच्या एका साहेबांच्या टेबलाच्या खणात चूर्णाची बाटली असे. ती सकाळी उघडी की बंद, हे फक्त शिपायाला ठाऊक. त्यामुळे त्या कचेरीचा खरा कारभार शिपाई पाहत असे. रजेचा अर्ज घेऊन निघालं, की तो दारातच डोळ्यानं खूण करी: "आज नको. आज झालेलं नाही." मी त्याचं ऐकत गेलो आणि माझ्या बहिणीच्या लग्नाला मला पुरती दहा दिवसांची रजा मिळाली. माझ्या शेजारी बसणारा सहकारी तत्त्वाचा माणूस. "रजा हा माझा हक्क आहे," असं म्हणून तो भलत्या दिवशी आत गेला, आणि त्याला वडिलांच्या वर्षश्राद्धाला गावी जाता आलं नाही. दोन्ही अर्ज एकाच नमुन्याचे, नियम एकच, सही करणारा हातही एकच. फरक होता तो सहीच्या दोन फूट खाली.

या गोष्टीवर आम्ही पुढे खूप हसलो. सहकारी हसला नाही.

आता याला शास्त्राधार काय, असं विचाराल तर तो अलीकडे भरपूर सापडू लागला आहे. अन्ननलिकेपासून शेवटच्या दारापर्यंत आपल्या पचनमार्गाच्या भिंतीत मज्जापेशींचं जे जाळं आहे, त्यात दहा कोटींहून अधिक पेशी आहेत म्हणे. मायकेल गेर्शन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९९८ साली यावर पुस्तक लिहिलं आणि त्याला नाव दिलं 'दुसरा मेंदू'. काही लोकांच्या बाबतीत तो पहिला असावा अशी मला शंका आहे. डोक्यातला मेंदू आणि पोट यांना जोडणारी व्हेगस नावाची एक लांबलचक नस असते. आपली समजूत अशी, की डोकं हुकूम सोडतं आणि पोट तो पाळतं. प्रत्यक्षात त्या नसेतले सुमारे ऐंशी टक्के तंतू खालून वर निरोप नेणारे असतात. म्हणजे पोट अखंड बोलत असतं आणि डोकं मधूनमधून "हं, हं" करतं. सुखी संसाराचं याहून चांगलं चित्र दुसरं नाही.

शिवाय सेरोटोनिन नावाचं जे द्रव्य आहे, ज्याचा मनःस्थितीशी संबंध असल्याचं आपण मासिकांतून वाचतो, त्याचं नव्वद टक्क्यांच्या आसपास उत्पादन आतड्यात होतं. मात्र हे वाचून लगेच पोटावर हात फिरवत आनंदी होऊ नका. आतड्यातलं सेरोटोनिन मेंदूत पोचत नाही, ते तिथल्या तिथे आतड्याच्या हालचालींसाठीच खर्ची पडतं. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे आतले भाडेकरू. २०१६ साली शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला तो असा: माणसाच्या शरीरात त्याच्या स्वतःच्या पेशी सुमारे तीस लाख कोटी, आणि जिवाणू सुमारे अडतीस लाख कोटी, त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात. वजन सगळं मिळून पाव किलोच्या आत, पण मतदान घेतलं तर बहुमत त्यांचंच! "मी" म्हणून जो आपण छातीवर हात मारतो, तो हात खरं म्हणजे वीतभर खाली मारायला हवा.

न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी असते, पण पोटावर नसते, हेही मध्यंतरी कळलं. २०११ साली इस्रायलमधल्या एका अभ्यासाची फार चर्चा झाली. तिथल्या आठ न्यायाधीशांनी कैद्यांच्या पॅरोलबाबत दिलेले अकराशेवर निकाल तपासले गेले. बैठकीच्या सुरुवातीला सुमारे पासष्ट टक्के अर्ज मंजूर होत. वेळ जाई तसा हा आकडा घसरत घसरत शून्याजवळ पोचे. आणि न्यायाधीशमहाराज काही खाऊन परत आले की पुन्हा पासष्ट! लगेच दुसऱ्या काही लोकांनी दाखवून दिलं की यात सगळाच दोष पोटाचा नाही. ज्या कैद्यांना वकील नव्हते त्यांची प्रकरणं बैठकीच्या शेवटी येत, त्यामुळेही असं दिसू शकतं. तेव्हा हा निकाल अजून राखून ठेवलेला बरा. पण आमच्या कचेरीतल्या शिपायानं यातला कुठलाच अभ्यास न वाचता निकाल केव्हाच दिला होता.

इथपर्यंत वाचून काही वाचकांना बरं वाटलं असेल. विशेषतः तापट वाचकांना. "बघ, मी म्हणत नव्हतो?" असं म्हणून त्यांनी हा लेख बायकोपुढे सरकवलाही असेल. त्यांनी जरा थांबावं. पोटाचं ऐकून डोकं बिघडतं हे जितकं खरं, तितकंच डोक्यामुळे पोट बिघडतं हेही खरं. आणि हे ज्यानं डोळ्यांनी पाहिलं त्याची गोष्ट मोठी चमत्कारिक आहे.

१८२२ साली अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर आलेक्सी सें मार्तें नावाच्या एका तरुण हमालाला चुकून बंदुकीची गोळी लागली. विल्यम बोमाँट नावाच्या लष्करी डॉक्टरनं त्याला वाचवलं. पण पोटावरची जखम बंद होईना, तिथं थेट जठरात उघडणारी खिडकीच राहिली. बोमाँटनं मग त्या खिडकीतून रेशमी दोऱ्याला बांधून मांसाचे, पावाचे, कोबीचे तुकडे आत सोडायचे आणि ठरावीक वेळानं बाहेर ओढून पाहायचे, असा उद्योग आरंभला. तो वर्षानुवर्षं चालला आणि १८३३ साली त्याचं पुस्तक झालं. पचन कसं होतं हे जगाला पहिल्यांदा नीट कळलं ते त्या खिडकीतून. त्यात बोमाँटनं एक निरीक्षण असंही नोंदवलं, की रुग्णाला राग आला की त्याचं पचन बिघडतं.

मला त्या नोंदीचं मोठं हसू येतं. अरे, माणसाच्या पोटात दोरा सोडून कोबी ओढत बसल्यावर त्याला राग येणार नाही तर काय येईल? सें मार्तें अधूनमधून निघून जाई, डॉक्टर त्याला परत मिळवी. अखेर डॉक्टर १८५३ साली गेला आणि पोटाला खिडकी असलेला हमाल त्यानंतर सत्तावीस वर्षं जगला. तो गेला तेव्हा डॉक्टरांनी शरीर मागू नये म्हणून त्याच्या घरच्यांनी पुरण्याआधी ते मुद्दाम कुजू दिलं. पोट कुणाच्याही मालकीचं नसतं, ज्याचं त्याचं असतं, एवढं त्या गरीब माणसांनी ठणकावून सांगितलं.

तर सांगायचा मुद्दा असा, की पोट आणि मन यांचं नातं सासू-सुनेसारखं आहे. भांडण कुणी सुरू केलं हे शोधायला जाऊ नये. आणि सगळा दोष एकीवर टाकणारे पुढे फसतात. एकेकाळी थोर थोर माणसांची खात्री झाली होती की मोठ्या आतड्यात साठणारं विष हेच सर्व दुःखांचं मूळ. मेचनिकॉफ हा १९०८ सालचा नोबेलविजेता. त्यानं त्यावर उपाय म्हणून विरजणाच्या दुधाचा पुरस्कार केला. ते ठीक होतं. आपल्या आज्यांनी त्याला नोबेलशिवायही पाठिंबा दिला असता. पण लंडनचे आर्बथनॉट लेन नावाचे नामांकित सर्जन तर बद्धकोष्ठाच्या रोग्यांची मोठी आतडीच कापून काढू लागले. भाडेकरू त्रास देतात म्हणून चाळ पाडली! पुढे ही विषाची कल्पना मोडीत निघाली. आजचे डॉक्टर तर सांगतात की दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यातलं काहीही प्रकृतीला धरून असू शकतं. १९९७ साली ब्रिस्टलच्या संशोधकांनी तर या ऐवजाचे सात प्रकार पाडून तक्ता केला. सप्तसूरच ते! त्यातले तिसरा आणि चौथा चांगले लागले की बैठक जमली असं समजावं.

आपल्याकडे या विषयावर सगळ्यात प्रांजळपणे लिहिलं ते गांधीजींनी. जोहान्सबर्गला असताना त्यांना बद्धकोष्ठ आणि डोकेदुखी असे. मँचेस्टरला सकाळची न्याहारी सोडणाऱ्यांचा एक संघ निघाल्याचं त्यांनी वाचलं आणि न्याहारी सोडली. डोकेदुखी थांबली, पण कोठा ऐकेना. मग कटिस्नान झालं, शेवटी पोटावर ओल्या मातीची पट्टी बांधली तेव्हा कुठे गुण आला. हे सगळं त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. मला यातलं एकच आवडतं. साम्राज्याशी झुंज घेणाऱ्या माणसानं आपल्या तक्रारी साम्राज्यापुरत्या ठेवल्या आणि पोटाच्या तक्रारीचा उपाय स्वतःच्या पोटावर केला. आपण बहुतेक जण याच्या नेमकं उलट करतो.

आता जरा घरातलं सांगतो.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, तापट होते. तापट हा शब्द मी मुलगा म्हणून वापरतो. शेजारी दुसरा वापरीत. आमटीत मीठ जास्त पडलं म्हणून एकदा त्यांनी ताट भिरकावलं. पितळेचं ताट ते, भिंतीवर आदळून त्याच्या काठाला जो पोचा पडला तो कायमचा. सकाळी संडासातून ते कुठल्या चेहऱ्यानं परततात, हे आम्ही भावंडं जिन्याच्या कठड्यामागून पाहत असू, आणि त्यावर त्या दिवशी प्रगतिपुस्तक दाखवायचं की नाही ते ठरे. १९७८ साली ते निवृत्त झाले. गल्लीतल्या डॉक्टरांनी त्यांना रात्री दोन चमचे इसबगोल, भरपूर पाणी, जेवणात पालेभाजी आणि सकाळी चौपाटीपर्यंत फेरी असं बांधून दिलं. सहा महिन्यांत आमच्या घरात दुसराच माणूस राहायला आला. तो गुणगुणत असे. नातवाला मांडीवर घेऊन त्याच पोचा पडलेल्या ताटातून दहीभात भरवत असे, आणि नातवानं घास थुंकला तर हसत असे!

डॉक्टर म्हणाले, इसबगोल. अण्णा म्हणाले, पेन्शन. आई म्हणाली, पांडुरंग. मी आजवर निवाडा करू शकलेलो नाही. पण प्रश्न मात्र जागच्या जागी आहे. ताट भिरकावणारे अण्णा खरे की दहीभात भरवणारे? तो गोडवा जर दोन चमचे भुशीचा असेल, तर मग आमच्या लहानपणी ज्याला आम्ही भ्यालो तो कोण होता? वडील, की त्यांचं न झालेलं पोट? आणि ज्याचा राग धरायचा तो माणूसच जर नाहीसा झाला असेल, तर राग ठेवायचा कुठे?

पोटाच्या तत्त्वज्ञानानं इथं झटकन उत्तर देता येतं: दोष कुणाचाच नाही, कोठ्याचा आहे. आयुर्वेदात कोठ्याचे प्रकारच सांगितलेत, मृदू, मध्यम आणि क्रूर. हो, क्रूर हाच शब्द. अण्णा नव्हे, अण्णांचा कोठा क्रूर होता. फाइल बंद.

ही फाइल मी बंद केलीही असती. पण ती आईनं उघडी ठेवली. बोलून नव्हे, ती कधी काही बोललीच नाही.

आई कोकणातल्या खेड्यातली. तिथं बायकांनी परसाकडे जायचं ते उजाडण्याआधी किंवा अंधार पडल्यावर. मधल्या बारा तासांत पोटानं काय करायचं याचा विचार पोटानं करायचा. मुंबईला आली तर चाळीतली रांग. पुरुषांची कचेरी, मुलांची शाळा, म्हणून ती चार वाजता उठून उरकायची. न उरकलं तर मग राहिलंच. प्रवासाला निघायचं म्हणजे आदल्या संध्याकाळपासून पाणी तोडायचं. आम्हा सगळ्यांना ती रोज सकाळी विचारायची, "झालं का?" अण्णांना जरा हळू आवाजात, आम्हाला दरडावून. तिला मात्र हा प्रश्न आमच्या घरात कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

आणि तिनं कधी ताट फेकलं नाही.

वाग्भटाच्या अष्टांगहृदयात सूत्रस्थानाचा चौथा अध्याय मोठा मजेदार आहे. त्यात त्यानं तेरा वेग सांगितलेत, जे माणसानं कधी अडवू नयेत. मल, मूत्र, शिंक, जांभई, भूक, तहान, झोप, अगदी डोळ्यांतलं पाणीसुद्धा त्यात आहे. आणि त्याच अध्यायात पुढे तो म्हणतो, की काही वेग मात्र जरूर अडवावेत: लोभ, ईर्ष्या, द्वेष, मत्सर वगैरे. म्हणजे शरीराचे वेग सोडावेत, मनाचे धरावेत. किती सोपी वाटणी! आमच्या साहेबांसारखी माणसं आयुष्यभर बरोबर उलटी वाटणी करतात. खालचे धरतात आणि वरचे सोडतात. अण्णांचंही निवृत्तीपर्यंत तेच चाललं होतं. आईनं मात्र दोन्ही याद्या धरल्या. सोडायच्या त्याही आणि धरायच्या त्याही.

म्हणून पोटाचं तत्त्वज्ञान मला पुरेसं वाटत नाही. पोटामुळे राग येतो हे खरं. पण येणाऱ्या रागानं ताटापर्यंत पोचायचं की नाही, हे ठरवणारं काहीतरी मधे असतं. आणि ते असतं याचा पुरावा आमच्या स्वयंपाकघरात दिवसाचे सोळा तास उभा होता. शिवाय माझ्या असंही ध्यानात येतं, की कोठा जड झाला म्हणून भडकण्याची सोय ज्याच्या हाती सही असते, पगार असतो किंवा ताट असतं त्यालाच मिळते. आमच्या साहेबांचा कोठा सगळ्या कचेरीला माहीत होता. शिपायाचा कोठा कसा होता, हे तेहतीस वर्षांत कुणाला कळलं नाही.

याचा अर्थ आईचं सोसणं फार छान होतं, असा कृपा करून काढू नका. तिच्या सोसण्याच्या आरत्या ओवाळणं म्हणजे चार संडासांऐवजी आठ बांधायचं टाळणं. २०११ साली मुंबईतल्या बायकांनी सार्वजनिक मुताऱ्यांसाठी 'राइट टू पी' ही चळवळ सुरू केली, तेव्हा बऱ्याच सभ्य मंडळींनी नाकाला रुमाल लावला. मला मात्र वाग्भटाची आठवण झाली. त्यानं "वेग अडवू नये" म्हटलं तेव्हा "फक्त पुरुषांनी" असं कुठे म्हटलेलं नाही.

मग शेवटी करायचं काय? मी माझ्यापुरता एक हिशेब बसवलाय. जमाखर्चाच्या वहीत दोन खाती असतात ना, तसा. दुसऱ्याचा राग असेल तर तो आधी त्याच्या पोटाच्या खात्यावर टाकून पाहायचा: बिचाऱ्याचं झालं नसेल. आणि आपला राग असेल तर तो आपल्याच खात्यावर टाकायचा. पोटाच्या नावावर उधारी मागायची नाही. यात हिशेब जुळतो असं नाही, पण माणसं तुटत नाहीत. अण्णांचं ताट मी त्यांच्या कोठ्याच्या खात्यावर टाकलंय. ते मी टाकायचं होतं. अण्णांना स्वतःला टाकायची मुभा नव्हती, आणि शेवटच्या वर्षांत त्यांनी टाकलंही नाही. "तेव्हा मी फार ओरडायचो, नाही का गं?" एवढंच एकदा ते आईला म्हणाले. आईनं उत्तर दिलं, "दूध उतू जातंय."

मराठी भाषा या बाबतीत डॉक्टरांच्या फार पुढे आहे. मत्सर झाला की आपल्या पोटात दुखतं, भीती वाटली की पोटात गोळा येतो, मायेनं आपण पोटाशी धरतो, तळमळ असली की पोटतिडीक लागते. व्हेगस नस सापडायच्या आधीपासून आपल्या आज्यांना ती माहीत होती. आणि क्षमेला तर आपण म्हणतो, अपराध पोटात घालणं. डोक्यात नव्हे, हृदयात नव्हे, पोटात! मला वाटतं हे म्हणणाऱ्याला पुरतं ठाऊक होतं, की दुसऱ्याचा अपराध पोटात घालायचा तर आधी तिथं थोडी जागा रिकामी असावी लागते.

तेव्हा रात्री दोन चमचे इसबगोल घ्यायला हरकत नाही. आणि उद्या सकाळी घरात सगळ्यांना "झालं का?" विचारून होईल, तेव्हा ज्या एका माणसाला हा प्रश्न कुणीच विचारत नाही, त्यालाही विचारून पाहा. उत्तर मिळेलच असं नाही. बहुतेक दूध उतू जात असेल. तुम्ही उठून गॅस बंद करा.